पोचवणारी फ्रीरेन : मांगा आणि अ‍ॅनिमेविषयी मराठीत बोलताना

गेल्या वर्षी वर्गात ‘नुकतेच वाचलेले किंवा पाहिलेले’ या विषयावर पानभर मत लिहून आणायला सांगितले होते. कादंबरी, नाटक, चित्रपट, काहीही चालेल अशी मोकळीक दिली होती. वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी जपानी मांगावर किंवा अ‍ॅनिमेवर लिहिलेले. आणि जवळजवळ सगळ्यांनी एकच मजकूर लिहिलेला: स्टोरी खूप छान आहे, कॅरेक्टर्स मस्त आहेत, अ‍ॅनिमेशन एक नंबर, शेवटी रडू आले. गुण द्यायचे तर मी यातले काहीच पाहिलेले नव्हते. म्हणून सुट्टीत विद्यार्थ्यांकडूनच यादी घेतली आणि बसलो.

हीच मुले मधल्या सुट्टीत अर्धा अर्धा तास भांडतात. मांगातली अमुक चौकट अ‍ॅनिमेत गाळली, तमुक प्रसंग उगाच ताणला, शेवट मूळच्यापेक्षा मवाळ केला, असे मुद्दे त्यांच्या तोंडी असतात. म्हणजे मते आहेत आणि ती चांगली आहेत. वहीवर मात्र ती सुकून जातात. आमच्या इंदुरात मराठी घरात असते, हिंदी रस्त्यावर आणि इंग्रजी मोबाईलवर. मांगा इंग्रजीतून वाचायचा, हिंदीतून त्यावर वाद घालायचा आणि परीक्षेपुरते मराठीत लिहायचे, अशी तीन मजली इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दम लागतो. बेळगाव, बडोदे, हैदराबाद इथल्या शिक्षकांचा अनुभव फार वेगळा नसावा.

वाचून-पाहून झाल्यावर मला जे वाटले ते आधीच सांगून टाकतो. या कलाकृतींविषयी बोलायला मराठी अपुरी पडत नाही. काही बाबतींत तर, ज्या इंग्रजीतून त्या आपल्याकडे येतात तिच्यापेक्षा मराठी त्यांना अधिक जवळची आहे.

ज्यांनी मांगा हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. शब्द जुना आहे. होकुसाई या थोर चित्रकाराच्या रेखाटनांचे ‘होकुसाई मांगा’ हे पुस्तक 1814 पासून निघू लागले. आजचा मांगा बहुधा आधी साप्ताहिकात किंवा मासिकात हप्त्याहप्त्याने येतो आणि मग त्याचे खंड निघतात. छपाई काळ्या शाईत, वाचन उजवीकडून डावीकडे. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चलच्चित्रपट किंवा मालिका, पुष्कळदा मांगावरच बेतलेली. आमच्या पिढीने दूरदर्शनवर हिंदीतून पाहिलेला मोगली हा खरे तर जपानी अ‍ॅनिमेच होता, निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने 1989 मध्ये केलेला. तेव्हा आम्हाला तो शब्द माहीत नव्हता, एवढेच.

यादीतले पहिले नाव अझुमा कियोहिको यांच्या ‘योत्सुबा’चे होते. हा मांगा 2003 पासून मासिकातून येत आहे. पाच वर्षांची, हिरव्या केसांची एक दत्तक मुलगी आणि तिचा बाप नव्या घरात राहायला येतात. पुढे काहीही घडत नाही. ती झोका बघते, शेजाऱ्यांकडे जाते, बाजारात जाते, पावसात भिजते. पहिले दोन खंड वाचून मला कळेना की मुले यावर जीव का टाकतात. तिसऱ्या खंडाच्या सुमारास लक्षात आले की मी फक्त फुग्यांतले संवाद वाचत होतो. पानावर फुग्यांच्या बाहेर, चित्रातच मिसळलेली जपानी अक्षरे होती आणि त्यांच्याशेजारी बारीक टाइपात इंग्रजी शब्द. ती मी सोडून देत होतो. निम्मा मांगा तिथे होता.

ती अक्षरे आवाजांची आहेत. कथा उन्हाळ्यात सुरू होते आणि पानापानावर ‘मीन् मीन्’ लिहिलेले असते. हा जपानी उन्हाळ्यातल्या एका जातीच्या सिकाड्याचा आवाज. दुसऱ्या जातीचा सिकाडा संध्याकाळी ‘काना काना’ करतो, तिसरा उन्हाळा सरता सरता ‘त्सुकु त्सुकु बोशी’ असे ओरडतो आणि त्याचे नावही तेच पडले आहे. जपानी वाचकाला हा आवाज नुसता दिसला की ऋतू कळतो, काही वेळा दिवसाचा प्रहरही कळतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणाला की आपल्याकडे मृग जवळ आला हे सांगावे लागत नाही. इंग्रजी आवृत्तीत मात्र त्या जागी किड्याचा आवाज एवढाच अर्थ उरतो आणि ऋतू गळून पडतो.

जपानीत असे शब्द विपुल आहेत. त्यांत आवाजाची नक्कल करणारे एक गोत आहे आणि ज्याला आवाजच नाही त्याची नक्कल करणारे दुसरे. मांगा दोन्ही वापरतो. मुसळधार पाऊस ‘झाऽ झाऽ’ पडतो, हलका पाऊस ‘शितो शितो’, थेंब ‘पोत्सु पोत्सु’. आपल्याकडे धो धो, रिमझिम, टपटप. छाती ‘दोकी दोकी’ करते, आपली धडधडते. ‘हिसो हिसो’ म्हणजे कुजबुज. ‘मोजी मोजी’ म्हणजे चुळबुळ. ‘इरा इरा’ म्हणजे अगदी नेमकेपणाने चिडचिड. ‘गोरो गोरो’ हा ढगांचा गडगडाटही आहे, धोंडा गडगडत जाणेही आहे आणि सुट्टीच्या दिवशी घरात लोळत पडणेही आहे. लोळण्याचा अर्थ सोडला तर आपला ‘गडगड’ हे सारे पेलतो. त्याच शब्दातला ‘ग’ काढून ‘क’ घातला, ‘कोरो कोरो’ केला, की जड धोंड्याची हलकी गोटी होते. आपल्याकडेही कठोर व्यंजन जाऊन मृदू आले की वस्तूला वजन येते. किणकिण आणि घणघण, टपटप आणि धबधब शेजारी ठेवून पाहावे. एकदाच घडणाऱ्या क्रियेसाठी आपण ‘टपटप’चे ‘टपकन्’ करतो, तसे जपानी ‘पोत्सु पोत्सु’चे ‘पोत्सुन्’ करतात. दोन्ही भाषांचे कूळ वेगळे, पण या एका खोलीत दोघी एकाच माळ्याने लावलेल्या बागेसारख्या दिसतात.

इंग्रजीची अडचण इथे सुरू होते. तिच्याकडे आवाजाचे शब्द आहेत, पण निःशब्द हालचालींचे, स्पर्शाचे, मनःस्थितीचे असे शब्द तुलनेने थोडे. म्हणून भाषांतरकार क्रियापद लिहून मोकळा होतो. योत्सुबा एखाद्या अनोळखी माणसाकडे टक लावून बघते तेव्हा चित्रात ‘जीऽऽ’ असते. इंग्रजीत तिथे ‘बघणे’ या अर्थाचे क्रियापद छापतात, म्हणजे चित्रात जे दिसतेच आहे ते पुन्हा शब्दांत सांगतात. मराठीत त्या जागी ‘टकमक’ लिहिता येईल. टकमकला आवाज नाही, तरी तो ऐकू येतो. आमच्या एका विद्यार्थिनीने वहीच्या समासात हा शब्द लिहिला तेव्हा वर्गातले सगळे हसले, कारण तो बरोबर बसला होता.

यातला सर्वांत विलक्षण शब्द ‘शीऽऽन’. हा शांततेचा आवाज आहे. खोलीत कोणी काहीतरी भलतेच बोलून जाते, सगळे गप्प होतात आणि चौकटीच्या रिकाम्या भागात लांबट अक्षरांत ‘शीऽऽन’ उमटते. मांगात हा वापर रुळवण्याचे श्रेय तेझुका ओसामू यांना दिले जाते. शब्द भाषेत आधीच होता, त्यांनी तो चित्रात आणून बसवला. इंग्रजी आवृत्त्यांत याचे सरळ ‘शांतता’ असे नाम होते, किंवा तीन टिंबे. मराठीत काय करावे? वर्गात हा प्रश्न टाकला तेव्हा आधी ‘सन्नाटा’ आला, तो हिंदीतून आलेला म्हणून मुलांनीच बाद केला. मग ‘सामसूम’, ‘चिडीचूप’, ‘शुकशुकाट’. एक मुलगा म्हणाला, ‘किर्र’. त्यावर बराच वेळ वाद झाला. किर्र हा खरे तर रातकिड्यांचा आवाज. पण ‘किर्र रात्र’ म्हणताना आपण आवाज सांगत नसतो, बाकी कुठलाच आवाज नाही हे सांगत असतो. शांततेला आवाज देण्याची युक्ती आपल्याकडे आधीपासून आहे. मात्र किर्र रानातली शांतता आहे, चारचौघांत अवघडून झालेली नव्हे. त्या जागी ‘चिडीचूप’ बरा. एका शब्दासाठी प्रसंगाप्रमाणे दोन-तीन शब्द वापरावे लागतील, असे मला वाटते. भाषांतरात हे नित्याचेच आहे.

योत्सुबावर अ‍ॅनिमे आजवर झालेले नाही आणि होऊ नये असे माझे मत झाले आहे. प्रत्यक्ष आवाज आला की लिहिलेल्या आवाजाची गरज संपेल, आणि या कथेत त्यापलीकडे हाती धरण्यासारखे फारसे काही नाही.

मांगा आणि अ‍ॅनिमे शेजारी ठेवून पाहायचे तर कोनो फुमियो यांचे ‘या जगाच्या एका कोपऱ्यात’ घ्यावे. जपानी नाव ‘कोनो सेकाइ नो कातासुमी नि’. मांगा 2007 ते 2009 या काळात आला. काताबुची सुनाओ यांचा चित्रपट 2016 चा, आणि त्याच्या उभारणीत सामान्य लोकांनी दिलेल्या वर्गणीचाही वाटा होता. सुझु ही हिरोशिमाची, चित्रे काढण्यात रमणारी, थोडी वेंधळी मुलगी लग्न होऊन 1944 मध्ये कुरे या नाविक बंदराच्या गावी येते. पुढे युद्ध आहे, पण पानांवर असतो तो स्वयंपाक. शिधा कमी होत जातो, सुझु रानातल्या पालेभाज्या शोधते, तांदूळ भाजून आणि भिजवून फुगवण्याची जुनी युक्ती करते. भात दुप्पट दिसतो आणि कोणालाच आवडत नाही. बहुतेक प्रकरणांना नावे नाहीत, जपानी शकातले वर्ष आणि महिना तेवढा आहे. वाचक महिने मोजत जातो, कारण ऑगस्ट 1945 कुठे आहे हे त्याला ठाऊक असते आणि सुझुला नसते.

जून 1945 मध्ये बंदरावरच्या बाँबहल्ल्यानंतर न फुटलेला, वेळ लावलेला एक बाँब फुटतो. सुझुने नणंदेच्या लहान मुलीचा हात धरलेला असतो. मुलगी जाते आणि सुझुचा तो उजवा हातही जातो, ज्याने ती चित्रे काढत होती. त्यानंतरच्या पानांवर घरे, डोंगर, आकाश वाकडेतिकडे दिसू लागतात. कोनो यांनी तिथून पुढची पार्श्वभूमी स्वतःच्या डाव्या हाताने काढली आहे. हे मला आधी माहीत नव्हते. वाचताना एवढेच जाणवले की पाने बिघडली आहेत, छपाईत काही चुकले असावे. मग कळले आणि मागे जाऊन पुन्हा पाहिले. सुझुच्या दुःखाविषयी एकही वाक्य न लिहिता लेखिकेने वाचकाच्या डोळ्यांनाच तिच्यासारखे पाहायला लावले आहे.

चित्रपटाला ही युक्ती पानोपानी चालवता येत नाही. त्याने त्या स्फोटाच्या क्षणी दुसरे काही केले आहे. पडदा काळा होतो आणि त्यावर खडूने ओरखडल्यासारख्या रेघा नाचू लागतात. काय घडले ते दिसत नाही आणि ते बरेच आहे. हिरोशिमाचा बाँबही कुरेमधून जसा जाणवला असेल तसाच येतो: आधी लख्ख उजेड, घरातली माणसे काहीतरी विचित्र म्हणून थांबतात, आणि बऱ्याच क्षणांनी हादरा. ‘लख्ख’ हा शब्द इथे मुद्दाम लिहिला. उजेडाला आवाज देणारा तो आपला शब्द आहे आणि त्या प्रसंगात उजेडाला आवाज नसणे हीच भयंकर गोष्ट आहे.

तरी मला विचाराल तर मांगा सरस. चित्रपटाने रिन या वेश्यावस्तीतल्या स्त्रीचे उपकथानक जवळजवळ काढून टाकले. सुझुच्या नवऱ्याचे आणि रिनचे पूर्वीचे नाते त्यामुळे नाहीसे झाले आणि नवरा फारच स्वच्छ, सज्जन उरला. मूळ मांगात सुझुला हे हळूहळू कळते. तिचा संसार युद्धाने पोखरण्याआधीच आतून थोडा पोखरलेला असतो. 2019 मध्ये निघालेल्या लांब आवृत्तीत हा भाग परत आला. विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी फक्त पहिला चित्रपट पाहिला होता त्यांच्या मते ही प्रेमकथा आहे. ज्यांनी मांगा वाचला होता त्यांच्या मते नाही. दोघांचेही बरोबर आहे, पण ते दोन वेगळ्या कलाकृतींविषयी बोलत होते. मत लिहिताना नुसते नाव देऊन चालत नाही, आपण कोणते रूप पाहिले हेही लिहावे लागते.

याच कोनो फुमियो यांचा हिरोशिमावरचा आधीचा मांगा हिंदीत आला आहे आणि नाकाझावा केइजी यांचा ‘अनवाणी गेन’ही. दोन्हींचे अनुवाद तोमोको किकुची यांनी केले. आम्ही हिंदी मुलखात राहणारे, तेव्हा हे हिंदीतून वाचून भागते हे खरे. भागते म्हणूनच मराठीत येत नाही, हेही खरे.

मराठीत जे आले आहे त्यातले एक पुस्तक शिक्षकांच्या कपाटात हमखास असते: तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’, चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा, मुख्याध्यापक कोबायाशी, पोलिओ झालेला यासुआकी आणि त्याला झाडावर चढवणारी तोत्तो आपल्याला घरच्यासारखी आहेत. मूळ पुस्तक 1981 चे. त्यावर याकुवा शिन्नोसुके यांनी अ‍ॅनिमे चित्रपट केला आणि तो डिसेंबर 2023 मध्ये जपानात प्रदर्शित झाला; पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या आन्सी महोत्सवात त्याला पॉल ग्रिमो पुरस्कार मिळाला. मी धाकधूक घेऊनच पाहायला बसलो. सुरुवातीला चेहरे आवडले नाहीत. सगळ्यांचे, पुरुषांचेसुद्धा, ओठ आणि गाल रंगवल्यासारखे लाल. ही त्या काळातल्या मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांची धाटणी आहे हे कळल्यावर डोळे सरावले.

पुस्तक वाचलेल्या माणसाला चित्रपट नवे काय देतो? तो युद्धाला पाठीमागच्या बाजूने आत येऊ देतो. निवेदक काही सांगत नाही. स्टेशनवर तिकीट घेणारे ओळखीचे काका एक दिवस नसतात, त्यांच्या जागी बाई उभी असते. गोळ्यांचे यंत्र रिकामे होते. घरात आईबाबांना ‘मामा, पापा’ म्हणणे बंद करावे लागते, कारण ते शब्द शत्रूच्या भाषेतले. एका प्रसंगात तोत्तो आणि यासुआकी भुकेल्या पोटी शाळेतले जेवणाचे गाणे रस्त्यात म्हणू लागतात आणि एक मोठा माणूस त्यांना दटावतो. गाणे थांबते. पाऊस पडू लागतो. मग यासुआकी आपल्या अधू पायाने डबक्यात ताल धरतो, तोत्तोही धरते, आणि गाणे शब्दांशिवाय पुढे चालते. कोबायाशी सरांनी युरोपातून शिकून आणलेले ताल-शिक्षण त्या शाळेचा कणा होता, हे पुस्तकात वाचलेले असते. इथे ते डबक्यात दिसते. पाण्याचा ‘चुबुक् चुबुक्’ आवाज ऐकताना मला वाटले की गाण्यावर बंदी घालता येते पण चुबुकवर कशी घालणार? हा प्रसंग एका विद्यार्थिनीला ‘उगाच नाचगाणे घुसवल्यासारखा’ वाटला. पुस्तक न वाचता पाहणाऱ्याला तसे वाटू शकते, हे मला तिच्यामुळे कळले.

आणखी एक जागा अशी की तिथे चित्रपट पुस्तकाच्या पुढे जातो. यासुआकीच्या अंत्यविधीतून तोत्तो उठून पळत सुटते. हमरस्त्यावर झेंडे फडकावत सैनिकांना निरोप देणारी गर्दी, गल्लीत पाय गमावलेला माणूस, अस्थी छातीशी धरलेली बाई, लढाई-लढाई खेळणारी मुले. एका मुलाच्या मरणातून ती धावत बाहेर येते ती सगळ्यांच्या मरणात. कोणी एक शब्द बोलत नाही.

यादीतल्या सगळ्याच गोष्टी मला आवडल्या असे नाही. ‘किमेत्सु नो याइबा’ या राक्षसवधाच्या मालिकेचा 2025 मधला ‘इन्फिनिटी कॅसल’ हा चित्रपट मुलांनी इंदुरातच थिएटरात पाहिला, हिंदीतून. तमिळ आणि तेलुगूतही तो आला होता. चित्रे डोळे दिपवणारी आहेत. पण आकाझा या राक्षसाशी लढाई ऐन रंगात आली असता त्याचे मनुष्यजन्मातले सगळे चरित्र सांगायला कथा थांबते आणि थांबूनच राहते. ‘फ्लॅशबॅक लांबला’ असे बऱ्याच वह्यांत होते आणि ते योग्य आहे. का लांबला, हे मात्र कोणी लिहिले नव्हते. मूळ मांगा साप्ताहिकातला. तिथे हे पूर्वचरित्र काही हप्त्यांत विभागून आले, दोन हप्त्यांमध्ये आठवडा गेला, वाचक मधल्या काळात श्वास घेऊन आला. अडीच तासांच्या चित्रपटात तो आठवडा नाही. मजकूर तोच, पण थांबे गेले.

थांब्यांवरूनच ‘फ्रीरेन’कडे येतो. यामादा कानेहितो यांचे लेखन, आबे त्सुकासा यांची चित्रे. साप्ताहिकात 2020 पासून. साइतो केइइचिरो यांनी दिग्दर्शित केलेले अ‍ॅनिमे सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाले, पहिले चार भाग एकाच वेळी दाखवून. गोष्ट जिथे इतर गोष्टी संपतात तिथे सुरू होते. हिमेल हा वीर आणि त्याचे सोबती दहा वर्षांच्या प्रवासानंतर असुरराजाला मारून परत आले आहेत. त्यांच्यातली फ्रीरेन ही जादूगार हजारो वर्षे जगणाऱ्या जमातीची. पुन्हा भेटू म्हणून ती निघून जाते आणि पन्नास वर्षांनी येते. दोन चौकटींमधल्या बोटभर फटीत पन्नास वर्षे गेलेली असतात. हिमेल म्हातारा, बुटका, टकला झाला आहे. थोड्याच दिवसांत तो मरतो. त्याच्या अंत्यविधीत तिला रडू येते, कारण दहा वर्षे बरोबर राहून आपण या माणसाला जाणून घेतलेच नाही हे तिला तेव्हा उमगते. पुढचा सगळा प्रवास त्या एका चुकीची भरपाई आहे. अ‍ॅनिमेने या फटीची जाण राखली आहे. पात्रे बोलायची थांबतात, चालत राहतात, ऋतू बदलतो. उत्तरार्धातली जादूगारांची परीक्षा मात्र मला नेहमीच्या शाळकरी स्पर्धेसारखी वाटली. नव्या पात्रांची गर्दी झाली आणि काळ, जो या गोष्टीचा खरा नायक, तो मागे पडला. मुलांना नेमका तोच भाग सर्वांत आवडतो. असो.

नावांची गंमत अशी की ती जर्मन शब्दांवरून घेतलेली आहेत. फ्रीरेन म्हणजे गोठणे, फेर्न म्हणजे दूर, हिमेल म्हणजे आकाश. ही नावे मराठी करावीत का, असे विचारताच ‘सर, आपल्या वर्गात दोन आकाश आहेत’ असे उत्तर आले आणि तो विषय मिटला.

पण शीर्षकाचा मिटला नाही. जपानी नाव ‘सोसो नो फ्रीरेन’. सोसो दोन चिन्हांनी लिहितात, पहिल्याचा अर्थ पुरणे, दुसऱ्याचा धाडणे. मिळून, मृताला शेवटचा निरोप देणे. फ्रीरेन आपल्या सोबत्यांना एकेक करून असा निरोप देते. हा झाला एक अर्थ. काही भाग गेल्यावर कळते की असुरांमध्येही ती याच नावाने ओळखली जाते, कारण तिने इतिहासात सर्वांत अधिक असुर गाडले आहेत. एकच शब्द माया आणि संहार दोन्ही सांगतो. इंग्रजी शीर्षकात प्रवासाच्या शेवटापलीकडे अशा अर्थाचे शब्द आहेत. ऐकायला चांगले, पण यातला एकही अर्थ त्यात नाही.

यावर मला ‘पोचवणे’ सुचले. आपल्याकडे कोणी गेले की लोक म्हणतात, काकांना पोचवून आलो. त्यात स्मशानाचा उल्लेख नसतो, पण कळते. शत्रूला यमसदनी पोचवतात. आणि कोणाला सोबत करून मुक्कामापर्यंत नेणे हाही त्याचा साधा, रोजचा अर्थ, जो या प्रवासाच्या गोष्टीला लागू पडतो. ‘पोचवणारी फ्रीरेन’. वर्गात सांगितले तर एकजण म्हणाला, ही डबा पोचवणारी बाई वाटते. दुसरी म्हणाली, वाटू दे, तिलाही ते नाव कुठे शोभेसे वाटते. कोणी ‘अंतिम निरोपाची’ सुचवले, ते श्रद्धांजलीच्या जाहिरातीसारखे वाटले. कोणी म्हणाले नाव तसेच ठेवा. तासाची घंटा झाली आणि वाद तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ज्या मुलीने फ्रीरेनवर लिहिले होते तिने वही परत मागून नेली. ‘स्टोरी खूप छान आहे’ हे पहिले वाक्य तिने खोडले होते. त्याच्यावर लिहिले होते: हिमेलला पोचवायला फ्रीरेन आली, तेव्हा तिला कळले की ती त्याला ओळखत नव्हती.